घरच्यांना कसली फी

अनेर बँकेने दारं लावल्याची बातमी सावद्याला बुधवारी पोचली, आणि शुक्रवारी सकाळी पितांबर आबांचा निरोप जळगावात लीलाधरच्या कचेरीत आला. निरोप केळीच्या वखारीवरच्या माणसाने आणला होता. आबांनी बोलावलंय, बायकोला घेऊन उद्याच्या गाडीने या, एवढंच.

लीलाधरला बातमी कळून तीन दिवस झाले होते. खरं सांगायचं तर ती कळल्यावर पहिला जो क्षण गेला तो आनंदाचा होता. तो क्षण त्याने कोणाला सांगितला नाही, बायकोला, सुगंधाबाईलाही नाही. त्यानंतर लगेच त्याला चुलतभावाच्या विधवेची, बेबावहिनींची आठवण झाली, आणि मग तीन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

आबा हे लीलाधरचे चुलते. बाप वारला तेव्हा लीलाधर सात वर्षांचा होता. आबांनी त्याला चुडामण आणि निंबा या आपल्या दोन मुलांच्या पंक्तीला बसवून वाढवलं. डोकं चालतं म्हणून मुंबईला धाडलं आणि सहा वर्षं दर महिन्याला पंचवीस रुपयांची मनीऑर्डर केली. तो हिशेबनीशीची सरकारी परीक्षा पास झाला, रजिस्टर्ड अकौंटंट झाला, आणि नव्या पेठेत एका तेलाच्या दुकानावरच्या माडीत त्याने पाटी लावली: हिशेबतपासणी व पैशासंबंधी सल्ला. हिशेबतपासणीचे पैसे मिळत, कारण कंपन्यांना कायद्यानेच ती करून घ्यावी लागे. सल्ल्याचे मात्र कोणी देत नसे. लोक येत, दोन-दोन तास बसत, भावाच्या वाटणीत कोणता हिस्सा घ्यावा, सरकी काढायच्या जिनात भागी करावी की नाही, विमा कोणाचा उतरवावा, सगळं विचारून घेत, चहा पीत, आणि उठताना म्हणत, "बरं झालं, बोलणं झालं." कोणी भाजी पाठवी. शेंदुर्णीच्या एका सावकाराने पुढे त्याच्या सल्ल्यावर चार हजार वाचवले आणि आभार म्हणून केळीचा घड पाठवला. सुगंधाबाईने तो घड दारातच ठेवून दिला. ती म्हणाली, "सावद्याच्या पोराले केळं पाठवलं. देवानं डोकं देल्लं त्याले."

वकिलाला लोक फी देत, कारण कोर्टाची भीती. डॉक्टरला देत, कारण दुखत असे. पैसा बुडेपर्यंत दुखत नाही, आणि बुडाल्यावर सल्ला नको असतो. हे लीलाधरला बारा वर्षांत पुरतं कळलं होतं, आणि त्यामुळे त्याच्या मनात एक आंबटपणा धरला होता. गेल्या दिवाळीत तो फुटला.

त्या दिवाळीत सगळे सावद्याला जमले होते. केळी चांगल्या भावाने गेली होती, दोन वर्षांचा कापसाचा पैसाही पडून होता. बारा हजार रुपये घरात ठेवायचे तरी कुठे, असा प्रश्न होता. चुडामणचा मित्र रुपचंद धुळ्याहून आला होता. हा कापसाच्या बाजारात दलाली करी आणि वर्षभरापासून धुळ्याच्या अनेर बँकेचा एजंट झाला होता. तोंडाचा गोड. पंगत उठल्यावर ओसरीवर त्याने आबांना आपल्या अहिराणीत समजावून सांगितलं, की सगळ्या मोठ्या लोकांचा पैसा याच बँकेत आहे, "आबा, सात टक्का व्याज शे. बठ्ठा मोठा लोकेस्ना पैसा तठेच शे."

आबा लीलाधरकडे वळले आणि सहज म्हणाले, "तू का म्हणतो, लीला?"

लीलाधरच्या कोटाच्या खिशात एक कागद होता. दुसऱ्याच एका अशिलाच्या कामासाठी मुंबईला गेला असताना त्याने कंपन्यांच्या दप्तरात एक रुपया भरून अनेर बँकेचा ताळेबंद पाहिला होता आणि आकडे उतरवून आणले होते. ठेवीदारांच्या दर रुपयातले अकरा आणे बँकेच्या चालकांनी स्वतःच्याच जिनांना कर्जाऊ दिले होते. ती जिनं तोट्यात होती. जुन्या ठेवीवरचं व्याज नव्या ठेवीतून जात होतं. हे सगळं चार वाक्यांत सांगता आलं असतं, आणि सांगायचं म्हणूनच तो कागद त्याने बरोबर आणला होता.

पण त्याच सकाळी आबांनी गावच्या जोशीबुवांना बोलावून पैसे ठेवायला मुहूर्त विचारला होता. जोशीबुवांनी पंचमीचा मुहूर्त दिला, आणि आबांनी त्यांना सव्वा रुपया, धोतरजोडी आणि शेरभर तूप दिलं. लीलाधरने ते पाहिलं होतं. 

तो म्हणाला, "आबा, हे माझं कामच आहे. बँक तपासून सांगायची तर पन्नास रुपये फी पडेल."

मग चुडामण हसला. तो हसला म्हणून बाकीचेही हसले. चुडामण म्हणाला, "आपल्या घरच्याले फी? उद्या तू आम्हाले पानी पाजायचे बी पैशे मांगशीन."

आबा हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "मनीऑर्डरी करत व्हतो तव्हा मी तुले फी नही लावली."

लीलाधरला वाटलं होतं की थट्टामस्करी होईल, आबा पाच-दहा रुपये तरी हातावर ठेवतील, आणि मग आपण ते परत करून सगळं सांगू. पैसा नकोच होता त्याला. एकदा कोणी तरी तो द्यायला तयार व्हावं, एवढंच हवं होतं. पण मनीऑर्डरीचं नाव निघालं आणि तो ताठला. रुपचंद त्याच वेळी मान लववून म्हणाला, "आबा, मी तं सांगाना पैसा लेत नई."

"मग त्यांनाच विचारा," लीलाधर म्हणाला आणि पान खायला उठला.

पंचमीला बारा हजार अनेर बँकेत गेले.

लीलाधरने वाट पाहिली. आठवड्याभरात आबांचं कार्ड येईल असं त्याला वाटत होतं. आलं नाही. होळीला सुगंधाबाई सावद्याला जाऊन आली तेव्हा तिने सहज सांगितलं की बेबावहिनींचे दोन हजारही चुडामणभाऊंनी त्याच बँकेत ठेवले. बेबाबाई निंबाची विधवा. निंबा तापाने गेला त्याला तीन वर्षं झाली होती. हे दोन हजार त्याच्या विम्याचे होते, आणि विमा उतरवायला लावला होता लीलाधरनेच, निंबाच्या मागे लागून लागून. ऐकल्यावर लीलाधरने त्याच दिवशी कार्ड लिहायला घेतलं. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की आता सांगितलं तर दिवाळीतच का नाही सांगितलं, हा प्रश्न येणार. त्याने ते कार्ड टाकलं नाही. अजून चार महिने बँक उघडी होती.

*

शनिवारी दुपारी ते सावद्याच्या स्टेशनावर उतरले. श्रावण चालू होता. दिवाळीतल्या त्या कागदाची गोष्ट लीलाधरने बायकोला आदल्याच रात्री सांगितली होती. बैलगाडीत बसल्यावर तो तिला म्हणाला, "आज तू काही बोलू नकोस."

"मी कायले बोलू," सुगंधाबाई म्हणाली. पण तिचा चेहरा त्याला बरा वाटला नाही.

ओसरीवर आबा होते, चुडामण होता, आणि खांबाला टेकून रुपचंद बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो दोन दिवसांपासून इथेच होता, असं कळलं. धुळ्यात लोक त्याच्या दारावर दगड मारत होते म्हणून तो निघून आला होता. त्याचे स्वतःचे तीन हजार बुडाले होते. आत बेबाबाई त्याच्यासाठी वेगळा भात शिजवत होती, कारण त्याला पोटाचा त्रास होता. लीलाधरने हे पाहिलं आणि त्याला हसू की रडू असं झालं.

कोणी रागावलेलं नव्हतं, हे त्याला जास्त अवघड गेलं. आबा एका वर्षात दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी विचारलं की काही परत येईल का. लीलाधरने समजावून सांगितलं. बँकेची मालमत्ता विकून देणी भागवायला कोर्ट एक अधिकारी, लिक्विडेटर नेमेल, प्रत्येक ठेवीदाराने ठरल्या मुदतीत आपली मागणी पुराव्यासह दाखल करायची, मग जिनं विकली जातील, आणि दीड-दोन वर्षांनी रुपयाला तीन-चार आणे हाती येतील. आले तर.

"तीन आने," आबा म्हणाले.

चुडामणने पावत्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. "हे घे. सगळ्याईचे अर्ज तूच भर. आमचे, बेबाचा, आन रुपचंदचा बी भरून टाक. त्याले कुठी समजते." मग त्याला आठवलं तसं तो म्हणाला, "जाता येता धुळ्याले लागीन तं गाडीभाडं देऊ आम्ही."

लीलाधरने गठ्ठा उचलला. तो भरणारच होता. तीन दिवस त्याने मनाशी ठरवलं होतं की सगळं मुकाट्याने करायचं, स्वतः धुळ्याला खेपा घालायच्या, आणि त्यातच फेडून टाकायचं. त्याने पहिली पावती उलगडली.

तेवढ्यात आतून सुगंधाबाईचा आवाज आला. आत काय बोलणं चाललं होतं ते पुढे त्याला कळलं. चुडामणची बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती की एवढी शिकलेली माणसं घरात, पण वेळेला कामाला आली नाहीत. सुगंधाबाईने बारा वर्षं अशी वाक्यं गिळली होती. हे एक तिला गिळता आलं नाही.

"कामाले आली नहीत? त्याईनं मुंबईले पैशे भरून त्या बँकीचा कागद पाह्यला व्हता. खिशात घेऊन आल्हे व्हते दिवाईले. ते बुडीन हे त्याईले तव्हाच माहीत व्हतं. तुमच्याच्यानं पन्नास रुपये सुटले नही."

ती नवऱ्याची बाजू घेत होती. तिला त्यात अभिमानच वाटत होता. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं असावं.

ओसरीवर आबांनी मान वर केली. "माहीत व्हतं तुले?"

लीलाधरला खोटं बोलता आलं असतं. शंका होती, खात्री नव्हती, असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही ठरलं असतं. पण हातात पावत्या होत्या, आणि त्यांतली सर्वांत वरची बेबाबाईच्या नावाची होती.

"होतं," तो म्हणाला.

"पन्नास रुपयासाठी?"

"पन्नास रुपयांसाठी नाही, आबा." पुढे कशासाठी ते त्याला सांगता येईना. ज्या गोष्टीचा बारा वर्षं त्याने स्वतःशी जप केला होता, ती या ओसरीवर एका वाक्यात सांगायला गेलं तर फार लहान दिसत होती.

चुडामण उठून उभा राहिला. म्हणाला, की गोठ्याला आग लागलेली दिसली तर रस्त्याने जाणारा परका माणूसही ओरडतो. तो फी ठरवत बसत नाही. तू घरचा, आमच्या ताटातला.

"मी ओरडलो असतो तर ऐकलं असतं का तुम्ही?" आता लीलाधरचाही आवाज चढला. "जोशीबुवांना धोतर दिलंत, कारण ते मुहूर्ताचे पैसे घेतात. माझं फुकट, म्हणून माझ्या सांगण्याला किंमत नाही. म्हणाला असतात, लीला भित्रा आहे, पुस्तकी आहे. आणि रुपचंदचंच केलं असतं."

"रुपचंदनं बी पैशे नही घेतले," चुडामण म्हणाला.

तेव्हा खांबाजवळून रुपचंद बोलला. "लिन्हात मी. शेकडा अडीच रुपया माले बँकमाईन भेटनात. बठ्ठास्ना ठेवीवर." म्हणजे प्रत्येक ठेवीमागे बँक त्याला दलाली देत होती. त्याने हिशेब करून आकडाही सांगितला. "तुमना घरना साडेतीनशे."

लीलाधरला वाटलं, आता तरी वारं फिरेल. साडेतीनशे रुपये देऊन यांनी खोटं विकत घेतलं होतं, आणि पन्नासात खरं मिळत होतं. हे कोणालाही कळावं इतकं उघड होतं.

पण आबांनी रुपचंदकडे फक्त एकदा पाहिलं. "तू खोटं नही बोलला," ते म्हणाले. "तुले खरंच वाटत व्हतं. तुहे बी बुडाले." मग ते पुन्हा लीलाधरकडे वळले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. एखाद्या शेतात इतकी वर्षं पाणी घातलं आणि ते खारं निघालं, तसं ते बघत होते.

"त्या पावत्या ठेव खाली," ते म्हणाले.

लीलाधरने ठेवल्या. चुडामणने त्या उचलल्या, सुतळी घट्ट बांधली आणि आत नेल्या. आबांनी उपरणं डोळ्यांवर ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बैठक संपली होती.

*

परतीची गाडी पाच वाजता होती. सुगंधाबाई मागल्या दाराने येऊन बैलगाडीत बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला होता, पण ती रडत नव्हती. लीलाधर विहिरीवर पाय धुवायला गेला, तिथे बेबाबाई उभी होती. ती त्याचीच वाट बघत असावी.

निंबा गेल्यापासून तिचं त्याच्याशी चार शब्दांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. ती कमी बोले. घरात तिला कोणी त्रास देत नव्हतं, पण लुगडं हवं तर चुडामणच्या बायकोला सांगावं लागे, आणि ती चुडामणला सांगे. त्या दोन हजारांच्या व्याजावर वर्षाला एकशे चाळीस रुपये आले असते. एवढ्यावर तिला कोणापुढे हात पसरावा लागला नसता.

"भाऊजी," ती म्हणाली, "मले काहून नही सांगतलं?"

"वहिनी, आबांनी नकार दिला. मला वाटलं..."

"आबांनी नही देल्ले. मी देल्ले असते." ती ओरडून बोलत नव्हती. "पन्नास माह्याजवळ व्हते. मले कोनी इचारलं?"

लीलाधर धुतलेल्या पायांनी चिखलात उभा राहिला. कोणी विचारलं नव्हतं. फी मागायची ती आबांकडे, रुसायचं ते चुडामणवर, धडा शिकवायचा तो घराला. या बाईचा स्वतःचा पैसा आहे आणि तो कुठे ठेवायचा हे तिला ठरवता येईल, ती त्याची अशील होऊ शकते, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. बारा वर्षं ज्या माणसाची तो वाट बघत होता, जो विचारील आणि देईल, ते माणूस या घरात भात शिजवत होतं.

"तुमचा अर्ज मी भरतो," तो म्हणाला. "मी स्वतः धुळ्याला जातो. तुमचं सगळं मी बघतो. एक पैसा नको."

"नको."

"वहिनी, मुदत आहे त्याला. चुडामणभाऊंना ते जमणार नाही."

"त्याईले नही जमनार, हे मले बी समजते." ती म्हणाली. "पन फुकटचं नको आता. फुकट सांगनाऱ्यानं बुडवलं, आन घरच्यानं सांगतलं नही. पैशे घेऊन काम करते असा एखांदा परका मानूस सांगा. भुसावळले असीन कोनी."

हेच तो बारा वर्षं लोकांना सांगत आला होता. नेमके हेच शब्द. 

"आहे," तो म्हणाला. "हिलाल बोंडे म्हणून वकील आहेत, जामनेर रस्त्याला. पाच रुपये घेतील. लबाडी करणार नाहीत. पावती आणि निंबाच्या विम्याचे कागद घेऊन जा, आणि या महिन्याच्या आत जा."

बेबाबाईने मान हलवली. मग तिने कमरेची पिशवी सोडली.

"ह्या सांगन्याचे किती झाले?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर त्याला तो सोसता आला असता. ती खरोखरच विचारत होती आणि उत्तरासाठी थांबली होती. काही नको म्हटलं, तर ती हे नावही सोडून देईल, चुडामणकडची पावती मागणार नाही, मुदत निघून जाईल, हे त्याला स्वच्छ दिसलं. रस्त्यावरून गाडीवानाने हाक मारली.

"एक रुपया," तो म्हणाला.

तिने रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो घेतला आणि मूठ मिटली.

"वकिलाचं नाव पुन्हा सांगा," बेबाबाई म्हणाली. त्याने सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाठ केलं, रस्ता विचारला, कागद कोणते ते बोटांवर मोजून घेतलं, आणि पिशवी पुन्हा कमरेला खोचून ती चुडामणकडे आपली पावती मागायला गेली.